हाक आली की उठायचं

देवाच्या मनात असेल तसं होईल, असं आपण बायका दिवसातून किती वेळा म्हणतो ते लिहून ठेवायचं म्हटलं तर वही पुरायची नाही. पेठ वडगावात बचत गटाच्या कामासाठी मी गल्लोगल्ली फिरते, तेव्हा हे हमखास कानावर पडतं. मुलीचं पुढचं शिक्षण असो, सुनेची नोकरी असो, नाहीतर स्वतःचं अंगावर काढलेलं दुखणं असो, सगळ्यावर हेच उत्तर. त्यात श्रद्धा असते, हे खरं. पण पुष्कळदा त्या श्रद्धेच्या आडोशाला आपण नुसतं बसून राहतो. देवाची इच्छा मानायची म्हणजे वाट बघत बसायचं, की त्यानं दाखवलेल्या वाटेनं चालायला लागायचं? हा प्रश्न पडला की मला पंडिता रमाबाई आठवतात.

रमाबाईंचा जन्म एप्रिल १८५८ मधला, कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या रानात, गंगामूळला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. बाईनं संस्कृत शिकणं म्हणजे पाप, असा तो काळ. पण शास्त्रीबुवांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना शिकवलं आणि लक्ष्मीबाईंनी धाकट्या रमेला. घरकामाची घाई सुरू व्हायच्या आधी, भल्या पहाटे आई लेकीला उठवायची आणि श्लोक म्हणून घ्यायची. पुढे हे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत, पुराण सांगत जगू लागलं. ना शाळा, ना स्वतःचं घर. तरीही रमेला लहान वयातच भागवताचे हजारो श्लोक तोंडपाठ झाले. एवढं पाठांतर पोरीच्या जातीला कशाला, असंच लोक म्हणत असणार.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. आधी वडील, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण, एकेक करून सगळी गेली. रमाबाईंचं वय तेव्हा सोळा-सतरा. आईला खांदा द्यायला पुरेशी माणसं मिळेनात. शेवटी या मुलीनं स्वतः तिरडी उचलली. उंची कमी, खांदा पुरेना, म्हणून तिनं आपला भाग डोक्यावर घेतला. आपल्यापैकी कुणावर अशी वेळ आली असती तर देवाचं नाव तरी तोंडी राहिलं असतं का?

उरले दोघं, रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. पायी चालत, अर्धपोटी राहत दोघं १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी या मुलीची परीक्षा घेतली आणि थक्क झाले. तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या मिळाल्या. आईनं पहाटे अंधारात शिकवलेलं इथं कामाला आलं. संधी येते तेव्हा आधी कळवून येत नाही. आपली तयारी असली तरच ती ओळखू येते.

पण सुख काही टिकलं नाही. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बंगालमधले वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी, पण संसार गोडीचा होता. मनोरमा झाली. आणि ती वर्षाची व्हायच्या आत, फेब्रुवारी १८८२ मध्ये, कॉलऱ्यानं बिपिनबाबू गेले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. कडेवर तान्हं मूल, माहेर नाही, सासरचा आधार नाही.

त्या काळी विधवेनं काय करायचं ते ठरलेलं होतं. केस द्यायचे आणि घराच्या कोपऱ्यात आयुष्य काढायचं. रमाबाई त्याच वर्षी पुण्याला आल्या. तिथं त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि सरकारच्या हंटर आयोगापुढे उभं राहून शिक्षिका तयार करा, बायकांना डॉक्टरकीचं शिक्षण द्या, अशी मागणी केली. आपलं दुःख कुरवाळत न बसता त्यांनी आपल्यासारख्या बाकीच्या बायका कुठं आहेत ते बघायला सुरुवात केली. देवाची हाक म्हणतात ती बहुधा अशीच येत असावी. आकाशवाणी होत नाही. समोर कुणीतरी अडलेलं दिसतं आणि आपल्याला आतून स्वस्थ बसवत नाही.

डॉक्टर व्हायचं म्हणून त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. त्यासाठीचे पैसे ‘स्त्रीधर्मनीती’ हे स्वतःचं पुस्तक विकून उभे केले. पण तिथं गेल्यावर कळलं की कानांनी ऐकू कमी येतं, त्यामुळे वैद्यकी शिकता यायची नाही. एवढा समुद्र ओलांडून आल्यावर दार बंद! रमाबाईंनी मग शिक्षणशास्त्राकडे मोर्चा वळवला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेल्या आणि दोन वर्षांहून जास्त राहिल्या. बालवाडीची शिक्षणपद्धत शिकल्या. इथल्या विधवांची स्थिती सांगणारी व्याख्यानं देत गावोगाव फिरल्या आणि शाळेसाठी मदत उभी केली.

इंग्लंडमध्ये असताना सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. आपल्याकडे त्यावरून केवढं वादळ उठलं! त्यांनी बरं केलं की वाईट, याचा निवाडा करायला मी बसलेली नाही. देवाला कुठल्या नावानं हाक मारायची, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला एवढंच दिसतं, की मनाला पटलं ते त्यांनी केलं आणि त्याची किंमत कुरकुर न करता मोजली.

ही किंमत थोडीथोडकी नव्हती. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. सुरुवातीच्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई होत्या. आठव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या. पुढे याच गोदूबाईंचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं आणि कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेसाठी त्या दारोदार फिरल्या. शारदा सदनात पेटलेला दिवा कुठवर गेला बघा. पण १८९३ मध्ये सदनात धर्मांतराला उत्तेजन मिळतं, असा बोभाटा झाला. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली. पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी शाळा बंद केली नाही.

खरी कसोटी पुढेच होती. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. रस्त्यावर टाकलेल्या, विकल्या जाणाऱ्या मुलींच्या बातम्या आल्या. हाती पैसा नव्हता, जागा नव्हती. पण वीस वर्षांपूर्वीची उपाशी रमा त्यांच्यात जिवंत होती. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. इकडे पुण्यात प्लेगची साथ, म्हणून या मुलींना शहरात ठेवता येईना. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगावला त्यांनी शेतजमीन घेऊन ठेवली होती. तिथं तंबू ठोकून मुलींना ठेवलं. हेच मुक्ती मिशन. पुढे १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या जणींचं जेवण, आजारपण, शिक्षण! शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायकाच चालवायच्या. आंधळ्या मुली ब्रेल लिपी शिकायच्या.

दिवसभराचा हा गाडा ओढून रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून घेतल्या आणि साध्या बाईला कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर केलं. कितीतरी वर्षं हे काम चाललं. १९२१ मध्ये त्यांची मनोरमा, उजवा हात असलेली एकुलती एक मुलगी, त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. तरी काम थांबलं नाही. भाषांतर पुरं करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी डोळे मिटले. मुक्ती मिशन आजही केडगावला चालू आहे.

मैत्रिणींनो, रमाबाईंएवढी विद्वत्ता आपल्यात नाही, हे मान्य. पण त्यांच्याकडून घ्यायची गोष्ट विद्वत्ता नव्हेच. देवाची इच्छा हे शब्द त्यांनी बसून राहण्यासाठी वापरले नाहीत, उठण्यासाठी वापरले. एक दार बंद झालं तर दुसरं कुठं उघडं आहे ते बघितलं.

आमच्या गटात एक मुलगी आहे. सव्वीस वर्षांची, नवरा अपघातात गेला, नववीतून शाळा सुटलेली. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, हे तिला सांगितलं. घरच्यांनी आपलं नेहमीचंच उत्तर दिलं, देवाच्या मनात असेल तर होईल. मी सासूबाईंना म्हटलं, अहो काकी, फॉर्म दारापर्यंत चालत आला, आता देवानं आणखी काय करावं? सही तर आपल्यालाच करायची आहे ना! त्या हसल्या, पण विचारात पडल्या. फॉर्म अजून तिच्या घरी फळीवर आहे, आणि तारीख संपायच्या आत मी पुन्हा जाणार आहे. तुमच्या शेजारीही अशी कुणी असेल. तिच्याकडे एक चक्कर टाका.