समर्थांची बाग

गोदावरीच्या उत्तरेस जांब नावाचे एक लहानसे गाव आहे. आज ते जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात मोडते. या गावी इ. स. १६०८ मध्ये, रामनवमीच्या दिवशी, सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई यांना पुत्र झाला. त्याचे नाव नारायण. हाच मुलगा पुढे समर्थ रामदास या नावाने प्रसिद्धीस आला.

नारायण लहानपणी मोठा खोडकर होता. झाडांवर चढावे, फांद्यांवर झोके घ्यावेत आणि घरच्यांच्या हाका ऐकूनही खाली उतरू नये, असा त्याचा खाक्या असल्याचे सांगतात. बाराव्या वर्षी त्याचे लग्न ठरले. मंगलाष्टकांतील सावधान हा शब्द कानी पडताच तो खरोखरीच सावध झाला आणि मंडपातून निघून गेला, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. तेथून तो नाशिकला आला आणि नंदिनी व गोदावरी यांच्या संगमावरील टाकळी येथे त्याने बारा वर्षे तपश्चर्या केली.

याच सुमारास दख्खनवर मोठे संकट कोसळले. इ. स. १६३० मध्ये पावसाने दगा दिला. पुढील दोन वर्षांत अन्नावाचून असंख्य माणसे व गुरे मेली, गावेच्या गावे ओस पडली. १६३२ मध्ये समर्थ तीर्थाटनास निघाले, तेव्हा त्यांची पावले या उजाड मुलखातून पडत होती. जे पाहिले त्याने त्यांचे अंतःकरण पोळले. त्या काळच्या लोकांची दैना त्यांनी अस्मानी सुलतानी या प्रकरणात वर्णिली आहे. ओसाड भूमी म्हणजे काय, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

बारा वर्षांच्या भ्रमंतीनंतर, १६४४ च्या सुमारास, ते कृष्णाकाठी आले. चाफळला त्यांनी राममंदिर उभारले, गावोगावी मारुतीची स्थापना केली. दासबोध हा त्यांचा थोर ग्रंथ सर्वांस परिचित आहे. परंतु समर्थ केवळ परमार्थच सांगत बसले नाहीत. अक्षर कसे काढावे, कागद कसा राखावा, हेही त्यांनी दासबोधात सांगितले. बांधकामाच्या कामांविषयी त्यांनी कारखाने प्रकरण लिहिले आणि बागेत काय लावावे यासाठी बागप्रकरण रचले.

हे बागप्रकरण वाचू लागले, की प्रथम आश्चर्य वाटते. बाग म्हटली म्हणजे गुलाब, मोगरा, जाई, जुई हीच नावे आपल्या ओठांवर येतात. समर्थांची यादी मात्र सुरू होते ती काट्यांपासून! सरळ, उंच वाढणारी रामकांटी बाभूळ, हिवर, खैर, नेपती, चिलार, करवंद, तोरण, शिकेकाई अशी रानातील नावे एकामागून एक येतात. मुली जिच्या बियांनी खेळतात ती सागरगोटीही त्यांत आहे. एरवी बाभळीला बागेत जागा कोण देतो? शेतकरी तिचे काटे तोडून कुंपणाला लावतो, एवढाच तिचा मान!

काटेरी झाडांचा पहिला उपयोग कुंपणाचाच, यात शंका नाही. समर्थांनी ही नावे पाखरांसाठी घेतली, असे म्हणता येणार नाही. तथापि अशी बाग कोणी लावली, तर पाखरांना निराळे आमंत्रण द्यावे लागत नाही. दाट काट्यांत मांजर सहसा शिरत नाही. म्हणून होला आणि बुलबुल तेथे निर्धास्तपणे घरटे करतात. खाटीक पक्षी तर पकडलेले टोळ काट्याला टोचून ठेवतो. जणू त्याची ती खुंटीच! नेपतीच्या कुळातील झुडपांवर काही फुलपाखरे अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या तीच पाने खाऊन वाढतात. ते झुडूप तोडले, तर ती फुलपाखरे अंडी घालायला दुसरीकडे जातात. बाभळीच्या पिवळ्या गोंड्यांवर मधमाश्या गुणगुणतात. वैशाखात करवंदे पिकली, म्हणजे मुलांच्या आधी बुलबुल जाळीत हजर!

यांतील बाभूळ, हिवर, नेपती ही झाडे थोड्या पाण्यावर जगतात. विहिरी आटल्या, तरी ती तग धरतात. ज्याने दुष्काळातील उघडी रानोमाळ भूमी पायांखाली तुडविली होती, त्याच्या यादीत त्यांना अग्रस्थान मिळावे, हे मोठे अर्थपूर्ण आहे. घरी वाढविलेल्या नाजूक रोपांचा लळा त्या उन्हात किती दिवस टिकला असता?

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत समर्थ सज्जनगडावर राहिले. तेथेच इ. स. १६८२ मध्ये, माघ वद्य नवमीस, त्यांनी देह ठेवला. तो दिवस दासनवमी म्हणून पाळला जातो.

त्यांच्या जन्मगावाकडील गोदाकाठच्या मुलखात बाभूळ आणि हिवर बांधाबांधावर दिसतात. पावसाळा सुरू झाला, की विहिरीवर झुकलेल्या काटेरी फांदीच्या टोकाशी सुगरण पक्षी गवताची एकेक काडी आणून खोपा विणू लागतो.