गिटार न वाजवणाऱ्या माणसाने गिटारचा सूर कसा सांभाळला?

इंदापूर तालुक्यातील बावड्यासारख्या गावात भर उन्हाळ्यातल्या लग्नात ऑर्केस्ट्रा असला, की दोन गाण्यांच्या मधे गिटारवाला खुंट्या पिळताना दिसतो. गिटारला दांडी असेल, तर हे काम आणखी वाढते. दांडी दाबली की सूर खाली उतरतो, सोडली की वर येतो. पण तो पुन्हा नेमक्या जागी आला पाहिजे. या प्रश्नावर ज्यांनी वर्षानुवर्षे डोके चालवले, त्या लिओ फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती.

बागेतून रेडिओच्या दुकानात

फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील फुलर्टनजवळ झाला. आई-वडिलांची संत्र्यांची बाग होती. लहानपणीच त्यांचा एक डोळा गेला आणि तिथे काचेचा डोळा आला. वेड रेडिओचे, शिक्षण मात्र हिशेबनिशीचे. मंदीत नोकरी गेली, तेव्हा १९३८ मध्ये ६०० डॉलर कर्ज काढून त्यांनी रेडिओ दुरुस्तीचे दुकान टाकले.

तिथे वादक आपले अॅम्प्लिफायर घेऊन येऊ लागले. त्यांच्या तक्रारी हीच फेंडर यांची शाळा ठरली. पुढे त्यांनी स्वतःच अॅम्प्लिफायर आणि गिटारी बनवायला घेतल्या. १९५१ पासून त्यांची भरीव लाकडाची गिटार ‘टेलिकास्टर’ या नावाने विकली जाऊ लागली.

भंगारात गेलेला पहिला प्रयत्न

वादकांना आता सूर हलवणारी दांडी हवी होती. अशा दांड्या आधीही होत्या, पण त्या वापरल्या की तारा बेसूर होत. फेंडर यांचा पहिला नमुना बराच पुढे गेला होता, पण त्यात तारेचा नाद लवकर विरत होता. झालेला खर्च सोडून देऊन त्यांनी तो नमुना बाजूला ठेवला आणि नव्याने सुरुवात केली. हवाईयन गिटारचे वादक फ्रेडी टवारेस यांची त्यांना मोठी साथ मिळाली. १९५४ मध्ये ‘स्ट्रॅटोकास्टर’ बाजारात आली.

यंत्रणा चालते कशी?

तारा ज्या घोडीवर, म्हणजेच ब्रिजवर टेकतात, ती घोडी सहा स्क्रूंवर तराजूसारखी झुलते. एका बाजूने सहा तारा ओढतात, मागच्या बाजूने स्प्रिंगा. पातळ तारांच्या संचाचा एकूण ताण ४० किलोच्या आसपास भरतो. दोन्ही ओढी सारख्या झाल्या, की घोडी स्थिर राहते. तारा आणि घोडी एकत्र हलत असल्याने घर्षण कमी होते.

फेंडर यांनी या यंत्रणेला ‘ट्रेमोलो’ म्हटले. खरे तर ट्रेमोलो म्हणजे आवाज लहान-मोठा होणे. सूर वर-खाली होणे म्हणजे व्हायब्रेटो. चुकीचे नाव मात्र आजही चालू आहे.

सूर टिकवण्यासाठी

• नवी तार हलक्या हाताने ताणून घ्यावी आणि पुन्हा सुरात आणावी.
• खुंटीवर तारेचे मोजकेच वेढे असावेत.
• मानेच्या टोकाला, नटच्या खाचेत तार अडकत असेल, तर तिथे पेन्सिलीचे शिसे घासावे.
• एक तार चढवली की बाकीच्या किंचित उतरतात. म्हणून सहाही तारा दोन-तीन वेळा फिरून लावाव्यात.
• तारा बदलताना एकेक बदलावी. सगळ्या एकदम काढल्या, तर तराजू कलतो.
• जाड तारांचा संच लावला, तर मागच्या स्प्रिंगांचा ताणही वाढवावा लागतो.

विकलेली कंपनी, न सुटलेले काम

दीर्घ आजाराने फेंडर खचले होते. आपण फार जगणार नाही, या समजुतीने त्यांनी जानेवारी १९६५ मध्ये कंपनी सीबीएसला १.३ कोटी डॉलरना विकली. त्यानंतर उपचार लागू पडले आणि ते बरे झाले. पण स्वतःच्या नावाचा कारखाना आता दुसऱ्याचा होता. १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या मंचावर जिमी हेंड्रिक्स यांनी स्ट्रॅटोकास्टर गाजवली, तेव्हा त्या कारखान्यावर फेंडर यांची मालकी उरली नव्हती.

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. आधी ‘म्युझिक मॅन’, मग ‘जी अँड एल’. सहा स्क्रूंऐवजी दोनच टेकूंवर झुलणारी घोडी त्यांनी ‘जी अँड एल’मध्ये बनवली. टेकू कमी म्हणजे घर्षण कमी, आणि सूर परत जागेवर येण्याची खात्री जास्त. पार्किन्सनने हात थरथरत असतानाही ते कामावर जात राहिले. २१ मार्च १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. आपलीच जुनी यंत्रणा आणखी सुधारता येईल, ही खटपट त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.