वैद्यांचा आखाडा

फर्स्ट इयरला असताना रूम पार्टनरने एकदा पहाटे साडेपाचला मला उठवलं आणि हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर नेलं. मी अकोला जिल्ह्यातला, अमरावतीत नवाच. दहा-बारा वर्षांचे पोट्टे मल्लखांबावर सरसर चढत होते. मीही हात घालून पाहिला. दोन वीत वर गेलो अन् धप्पकन खाली! पोट्टे हसले, त्यांचे सर मात्र हसले नाहीत. पाय कुठे अडकवायचा ते त्यांनी पुन्हा दाखवलं. या मैदानाची सुरुवात कुणी केली, हे विचारत गेलो आणि अंबादासपंत वैद्य हे नाव कळलं.

1914 साली अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी अमरावतीत आखाडा सुरू केला. आखाडे तसे गावोगावी होतेच. पण तिथली विद्या वस्तादाच्या मर्जीवर चाले. खास डाव एखाद्या लाडक्या चेल्याला मिळायचा, आणि वस्ताद गेला की डावही त्याच्याबरोबर जायचा. वैद्य बंधू तालीम चालवून थांबले नाहीत. 1920 च्या दशकात मंडळाने उन्हाळी सुट्टीत शारीरिक शिक्षणाचे वर्ग सुरू केले. अमरावतीचं मे महिन्यातलं ऊन आपल्याला ठाऊक आहेच! पण शाळांना सुट्टी तेव्हाच, म्हणजे शिक्षकांना यायला सवड तेव्हाच. एक पहिलवान घडवला तर एकच घडतो. एक शिक्षक घडवला तर त्याच्या गावची अख्खी शाळा शिकते. हा हिशेब आपल्या इंजिनीअरिंगवाल्यांना लगेच कळावा. हुतात्मा राजगुरूंनीही व्यायामाचे धडे इथेच घेतले.

1936 साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी डॉ. सिद्धनाथ काणे यांच्या नेतृत्वाखाली मंडळाचा चमू जर्मनीला गेला. हिटलरची राजवट वंशश्रेष्ठत्वाचा डांगोरा पिटत होती. त्याच बर्लिनमध्ये ध्यानचंदच्या संघाने हॉकीचं सुवर्ण जिंकलं आणि वऱ्हाडच्या पोरांनी कबड्डी, मल्लखांब अशा देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. 1949 मध्ये मंडळाचा चमू स्टॉकहोमच्या लिंगियाडलाही गेला. त्या कबड्डीला आशियाई स्पर्धेत पदकाचा मान मिळायला 1990 साल उजाडलं. अंबादासपंत आज नाहीत, पण आखाड्याचं मंडळ झालं, मंडळाची महाविद्यालयं झाली. त्यांत शारीरिक शिक्षणाचं आहे, तसंच इंजिनीअरिंगचंही आहे.

हे सगळं वाचताना मला एक गोष्ट टोचत राहिली, ती कबूल करतो. गेल्या वर्षी एका ज्युनियरने माझ्याकडे ग्राफिक्सच्या शीट्स समजून घ्यायला वेळ मागितला होता. मी आज-उद्या करत टाळलं. खरं कारण एवढंच की, मी रात्री जागून शिकलो ते याला फुकट का द्यावं? तो त्या विषयात राहिला. डाव लपवणारा वस्ताद आपल्या होस्टेलच्या खोलीतही बसलेला असतो, लेका!

यंदा मी त्याला दर रविवारी मेसच्या टेबलावर शीट शिकवतो. त्याच्यासोबत आता आणखी तिघं येतात. मल्लखांबावर मात्र मी अजून दोन वीतच चढतो.