धुराचं बिल कोण भरतं? कुर्ल्याच्या गिरणीपासून खोपोलीच्या विजेपर्यंत जमशेटजी टाटांची गोष्ट

जमशेटजी टाटा म्हटलं की ताज हॉटेल आणि जमशेदपूर आठवतं. पण मुंबईच्या उपनगरांशीही त्यांचं नातं होतं. घाटकोपरहून दोन स्टेशनं पुढे, कुर्ल्यात त्यांची गिरणी होती. देशाला कोळसा केवढ्याला पडतो, हा आजचा प्रश्नही त्यांच्या आयुष्यातून नीट समजतो.

गिरणीमालक जमशेटजी

त्यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारीत झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण झालं. १८६८ मध्ये त्यांनी २१ हजार रुपयांवर स्वतःची पेढी काढली. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. तिथे कापूसही जवळ होता आणि कोळसाही.

१८८६ मध्ये त्यांनी कुर्ल्याची धरमसी मिल साडेबारा लाखांना घेतली. गिरणी डबघाईला आलेली, यंत्रं जुनाट. जमशेटजींनी ती सावरली आणि तिला नाव दिलं 'स्वदेशी'.

कोळशाला पर्याय पावसाचा

तेव्हा गिरण्या वाफेवर चालायच्या. मुंबईच्या आसपास कोळशाची खाण नाही, त्यामुळे तो लांबून आणावा लागायचा. खर्च मोठा आणि वर शहरभर चिमण्यांचा धूर.

दुसरीकडे सह्याद्रीवर धो धो पाऊस पडायचा. ते पाणी अडवून घाटाखाली सोडायचं आणि त्यावर वीज करायची, या योजनेच्या मागे जमशेटजी लागले. पण १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचं निधन झालं. काम मुलगा दोराबजी यांनी पुढे नेलं. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांत पोहोचली. खोपोली, भिवपुरी आणि भिरा ही तिन्ही केंद्रं आजही चालू आहेत. त्यांची एकूण क्षमता ४४७ मेगावॅट आहे.

मात्र ही वीजही फुकट आली नाही. मुळशी धरणात जमिनी जाणार म्हणून १९२१ मध्ये मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यात पुढे होते. धरण झालंच. वीज मुंबईला मिळाली, जमिनी मुळशीच्या गेल्या.

वहीत न दिसणारा खर्च

जमशेटजींचं दुसरं स्वप्न पोलादाचं. तेही त्यांच्या पश्चात, १९१२ मध्ये जमशेदपुरात पूर्ण झालं. पण तिथे कोळसा लागतोच. झोतभट्टीत एक टन पोलाद बनवताना दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

कारखानदाराच्या वहीत कोळशाचा भाव दिसतो. त्या वायूमुळे वाढणारी उष्णता, बुडणारं पीक, उन्हामुळे वाया जाणारे कामाचे तास हे तिथे दिसत नाहीत. ते नुकसान देश सोसतो. एका टनामागचं हे नुकसान रुपयांत मोजलं की त्याला कार्बनची सामाजिक किंमत म्हणतात.

आता ही किंमत बिलात उतरू लागली आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून आयात पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट अशा मालावर कार्बनचा आकार लागू केला आहे. माल बनवताना धूर जास्त, तर आकार जास्त. त्याचा फटका भारतीय निर्यातीलाही बसतो.

जमशेटजींनी कोळशाला पर्याय शोधला तेव्हा कार्बनचा हिशोब कोणी करत नव्हतं. कोळसा महाग पडतो, एवढं त्यांना गिरणीच्या खर्चातून दिसलं होतं. तो खरा किती महाग आहे, याची मोजणी आज सुरू आहे. आणि स्वच्छ विजेसाठी जागा द्यायची वेळ येते तेव्हा ती कोणाची जाते, हा मुळशीचा प्रश्नही त्या हिशोबात धरावाच लागेल.