कॅन्सरने एक फुफ्फुस निकामी केलं होतं, तरी हा गायक स्टेजवर उभा राहिला आणि अख्खा ऑपेरा गायला

७ जुलै १९९०. दुसऱ्या दिवशी रोममध्ये फुटबॉल वर्ल्डकपची फायनल होती आणि अख्खं शहर फुटबॉलने झपाटलेलं होतं. त्या रात्री काराकालाच्या जुन्या रोमन अवशेषांमध्ये पावारोत्ती, डोमिंगो आणि करेरास हे तीन ऑपेरा गायक एकत्र गायले. ‘थ्री टेनर्स’ या नावाने ती मैफल जगभर गाजली.

त्याच मैफलीत डोमिंगोने एक जर्मन प्रेमगीत गायलं. इंग्रजीत ते ‘यू आर माय हार्ट्स डिलाइट’ या नावाने ओळखलं जातं. ऑपेरा गायक प्रेमगीतांची हलकीफुलकी मैफल करायला उभे राहिले की हे गाणं हमखास ऐकू येतं.

पण हे गाणं ज्याच्या गळ्यासाठी बांधलं गेलं, तो माणूस आज फारसा कुणाच्या लक्षात नाही.

त्याचं नाव रिचर्ड टाउबर.

टाउबरचा जन्म १६ मे १८९१ चा, ऑस्ट्रियातल्या लिंझ शहरातला. आई तिथल्याच नाटक कंपनीत गायची, वडीलही नट होते. दोघांचं लग्न झालेलं नव्हतं. मुलगा जन्माला आला तेव्हा वडील तिकडे अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. त्यामुळे सुरुवातीला पोराला आईच्या माहेरचं आडनाव लागलं. वडिलांचं घराणं मूळचं ज्यू, पण त्यांनी कॅथलिक धर्म स्वीकारला होता. पोरगाही कॅथलिक म्हणूनच वाढला.

वडिलांचं घराणं ज्यू होतं, ही गोष्ट पुढे त्याच्या आयुष्याला वेगळंच वळण देणार होती.

लहानपणापासून नाटकाच्या विंगेत वाढलेल्या रिचर्डला गायक व्हायचं होतं. तेही साधंसुधं नाही, वाग्नरच्या ऑपेरातले दणदणीत आवाजाचे नायक करायचे होते. व्हिएन्नाच्या एका नामांकित गायकापुढे त्याने वाग्नर गाऊनही दाखवला. गडी जीव तोडून ओरडला आणि परीक्षकाने त्याला गाण्याचा नाद सोडायला सांगितलं.

मग त्याने फ्रँकफर्टला जाऊन पियानो, संगीतरचना आणि वाद्यवृंद संचालन शिकायला घेतलं. गाण्याचं दार बंद झालं असंच सगळ्यांना वाटत होतं. पण पुढे फ्रायबर्गमध्ये कार्ल बाइनेस नावाचे शिक्षक भेटले. पोराचा आवाज लहान आहे, पण गोड आहे, हे त्यांनी ओळखलं. वाग्नर सोड, मोझार्ट गा आणि आवाज फेकू नकोस, असा त्यांचा सल्ला होता.

२ मार्च १९१३ रोजी केम्निट्झमध्ये मोझार्टच्या ‘द मॅजिक फ्लूट’मधून टाउबर पहिल्यांदा ऑपेराच्या स्टेजवर आला. तिथल्या थिएटरचे प्रमुख त्याचे वडीलच होते. पण वशिल्याची चर्चा फार टिकली नाही, कारण लगेचच ड्रेस्डेनच्या ऑपेराने त्याला पाच वर्षांच्या करारावर घेतलं.

तिथे त्याची ख्याती झाली ती अडल्यानडल्याला धावून येणारा गायक म्हणून. संगीताची समज इतकी पक्की की नवी भूमिका तो काही दिवसांत पाठ करायचा. कुणी आजारी पडलं की टाउबरला बोलावणं जायचं. १९२६ मध्ये पुच्चिनीचा ‘टुरांडो’ जर्मनीत पहिल्यांदा ड्रेस्डेनला होणार होता आणि ऐनवेळी मुख्य गायक आजारी पडला. टाउबरने तीन दिवसांत नायकाची भूमिका बसवली आणि प्रयोग निभावून नेला. लोक त्याला चक्क ‘एसओएस टेनर’ म्हणू लागले.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. ऑपेराच्या जगात त्याला मान होता.

पण मधल्या काळात त्याची गाठ फ्रान्झ लेहारशी पडली होती.

लेहार हा ऑपेरेटाचा बादशहा. ऑपेरेटा म्हणजे ऑपेराचं हलकंफुलकं भावंड. ऑपेरात बहुतेक वेळा सगळं गाऊनच सांगतात. ऑपेरेटात गाण्यांसोबत संवाद असतात, नाच असतो, विनोद असतो. लेहारच्या ‘द मेरी विडो’ने १९०५ मध्ये युरोपला वेड लावलं होतं. पण पहिल्या महायुद्धानंतर दिवस पालटले, तरुण पोरं जॅझ आणि कॅबरेकडे वळली. लेहार मागे पडत चालला होता.

टाउबर १९२२ मध्ये व्हिएन्नात लेहारच्या ‘फ्रास्क्विटा’मध्ये गायला आणि दोघांचं जमलं. लेहार त्याच्यापेक्षा २१ वर्षांनी मोठा. तरीही दोघांची घट्ट मैत्री झाली. पुढे लेहार खास टाउबरच्या आवाजासाठी ऑपेरेटा लिहू लागला. ‘पागानिनी’, ‘द झारेविच’, ‘फ्रीडरिके’ अशी रांगच लागली. प्रत्येकात टाउबरसाठी एक मोठं प्रेमगीत ठेवलेलं असायचं. त्याला नावच पडलं, ‘टाउबरलीड’, म्हणजे टाउबरचं गाणं. त्या गाण्याला लोक वन्समोअर देत सुटायचे. टाउबर तेच गाणं पुन्हा पुन्हा गायचा, पण प्रत्येक वेळी वेगळ्या ढंगाने. कधी भरल्या आवाजात, तर कधी कानात कुजबुजल्यासारखं.

गंमत म्हणजे या सगळ्या कथांमध्ये प्रेमाचा शेवट विरहात व्हायचा. ऑपेरेटा म्हणजे शेवटी लग्न, हा जुना नियम या दोघांनी मोडला.

ऑपेराच्या जाणकारांनी मात्र नाकं मुरडली. मोझार्ट गाणारा माणूस पैशासाठी बाजारू गाण्यांच्या नादी लागला, अशी टीका झाली. टाउबरने दोन्ही सोडलं नाही. तो मोझार्टही गात राहिला आणि लेहारही.

जानेवारी १९२९ मध्ये त्याला सांधेदुखीने असं गाठलं की हालचाल करणं मुश्किल झालं. महिनोन् महिने उपचार चालले. स्लोवाकियातल्या पिश्त्यानीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर तो जाऊन राहिला. आणि त्याच वर्षी १० ऑक्टोबरला बर्लिनच्या मेट्रोपोल थिएटरमध्ये तो ‘द लँड ऑफ स्माईल्स’मध्ये उभा राहिला.

कथा अशी की, व्हिएन्नाची एक सरदारकन्या चिनी राजपुत्राच्या प्रेमात पडून पेकिंगला जाते. तिथल्या रिवाजाप्रमाणे राजपुत्राला आणखी बायका कराव्या लागणार असतात. ते तिला सहन होत नाही. शेवटी राजपुत्र तिला मायदेशी जाऊ देतो आणि दुःख हसण्याआड लपवतो. हा राजपुत्र होता टाउबर. डोमिंगोने ६१ वर्षांनंतर रोममध्ये गायलेलं गाणं याच ऑपेरेटातलं.

या गाण्याने टाउबर युरोपभर स्टार झाला. डोळ्यातला तिरळेपणा झाकायला तो एका डोळ्याला काचेचा मोनोकल लावायचा, तीच त्याची स्टाईल बनली. आयुष्यात त्याची ७०० हून अधिक गाणी रेकॉर्ड झाली.

आणि मग १९३३ साल उजाडलं.

हिटलर सत्तेवर आला. ज्या बर्लिनने टाउबरला डोक्यावर घेतलं होतं, त्याच बर्लिनच्या रस्त्यावर नाझींच्या तपकिरी शर्टवाल्या टोळक्याने त्याला मारहाण केली. कारण एकच, वडिलांचं ज्यू रक्त. टाउबरने जर्मनी सोडली आणि तो व्हिएन्नाला गेला. १९३४ मध्ये लेहारचा ‘जुदित्ता’ थेट व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेरात झाला, नायक अर्थात टाउबर. पण मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रियाही गिळला आणि टाउबरला मायदेशही पारखा झाला.

‘द लँड ऑफ स्माईल्स’शी जोडलेल्या माणसांचं पुढे काय झालं, हे पाहिलं तर त्या काळाची कल्पना येते.

लेहार व्हिएन्नातच राहिला. त्याची बायको जन्माने ज्यू होती, पण त्याचं संगीत हिटलरला आवडत असल्यामुळे तिला सूट मिळाली. त्या प्रसिद्ध गाण्याच्या गीतकारांपैकी एक होता फ्रिट्झ लोनर-बेडा. व्हिएन्नाच्या कॅबरेंसाठी त्याने ढीगभर गाणी लिहिली होती. तो ज्यू होता. ऑस्ट्रिया पडताच त्याला अटक झाली. बुखेनवाल्डच्या छळछावणीत अधिकाऱ्यांच्या हुकमावरून त्याने छावणीचं गीत लिहिलं, त्याला चाल दिली ती व्हिएन्नाच्याच हेरमान लेओपोल्डी या कॅबरे कलाकाराने. तोही तिथे कैदी होता. लेओपोल्डी सुटला. बेडाला पुढे ऑशविट्झच्या मोनोविट्झ छावणीत नेलं आणि ४ डिसेंबर १९४२ रोजी त्याला बेदम मारून ठार केलं. लेहारने त्याच्यासाठी हिटलरकडे शब्द टाकला की नाही, यावर आजही वाद आहे.

टाउबर वाचला, कारण तो इंग्लंडला पोचला होता. १९३६ मध्ये त्याने इंग्लिश अभिनेत्री डायना नेपियरशी लग्न केलं होतं. १९४० मध्ये तो ब्रिटिश नागरिक झाला. युद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये ऑपेरा जवळपास बंद होता. मग तो मैफली करत गावोगाव फिरला, रेडिओवर गायला, वाद्यवृंद चालवला. १९४३ मध्ये त्याने ‘ओल्ड चेल्सी’ नावाचा ऑपेरेटा स्वतः रचला आणि त्यात कामही केलं. सांधेदुखीने पाठ सोडली नव्हती, पण गाणं थांबलं नाही. युद्धानंतर स्वित्झर्लंडमध्ये तो आणि लेहार पुन्हा भेटले.

१९४७ च्या सुमारास त्याला खोकला आणि धाप यांनी बेजार केलं. निदान झालं फुफ्फुसाच्या कॅन्सरचं. नेमकं त्याच सप्टेंबरमध्ये व्हिएन्नाचा ऑपेरा लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये प्रयोग करायला आला. ज्या मंडळींसोबत तो एकेकाळी रोज गायचा आणि ज्यांना सोडून त्याला पळावं लागलं होतं, ती मंडळी स्वतःच त्याच्या दारात आली होती.

टाउबरला त्यांच्यासोबत एकदा गायचं होतं.

२७ सप्टेंबर १९४७ रोजी तो मोझार्टच्या ‘डॉन जोव्हानी’मध्ये ओत्ताव्हिओच्या भूमिकेत उभा राहिला. ओत्ताव्हिओ म्हणजे काहीही झालं तरी आपल्या प्रेयसीची साथ न सोडणारा माणूस. या भूमिकेतल्या एका गाण्यात सुरांची लांबलचक लड न तुटता गावी लागते. धडधाकट गायकांचीही तिथे दमछाक होते. टाउबरचं एक फुफ्फुस तेव्हा जवळपास निकामी झालं होतं. तरीही तो सगळी भूमिका गायला.

तो त्याचा शेवटचा ऑपेरा ठरला. आठवडाभरात शस्त्रक्रिया करून डावं फुफ्फुस काढण्यात आलं. ८ जानेवारी १९४८ रोजी लंडनमध्ये त्याने जगाचा निरोप घेतला. वय होतं ५६. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लेहारही गेला.

बाजारू प्रेमगीतं गातो म्हणून ज्याला नावं ठेवली गेली, त्या टाउबरची सुरुवात मोझार्टने झाली होती आणि शेवटही मोझार्टनेच झाला. आणि ते प्रेमगीत आजही मोठमोठे ऑपेरा गायक अभिमानाने गातात.