मक्याच्या कणसातील क्रांती

पावसाळ्यात ठाण्याच्या तलावपाळीवर किंवा डोंबिवली स्थानकाबाहेर निखाऱ्यांवर भाजले जाणारे मक्याचे कणीस मूळचे मेक्सिकोचे. त्याच मेक्सिकोत या पिकाच्या आनुवंशिक सामर्थ्याचा शोध घेण्यात आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे घालवणारा एक मराठी माणूस होता : डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

वर्ध्यात वाढलेले आणि लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारलेले खानखोजे जपानमार्गे अमेरिकेत गेले. तेथे कृषिशास्त्राचे शिक्षण घेत असतानाच गदर चळवळीच्या उभारणीत त्यांनी पुढाकार घेतला. पहिल्या महायुद्धात ते इराणच्या भूमीवर ब्रिटिशांविरुद्ध लढले. मायदेशाचे दरवाजे अर्थातच बंद झाले.

१९२४ मध्ये ते मेक्सिकोत पोहोचले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात अध्यापन करू लागले. ओकसारख्या वृक्षाची एक पिढी बदलण्यास कित्येक दशके लागतात. बदलत्या हवामानाशी त्याचे जुळवून घेणेही तितकेच संथ. मक्याची पिढी मात्र एका हंगामात पालटते. एकाच शेतातील रोपांत आनुवंशिक वैविध्य असते. दहिवरात वा अवर्षणात तग धरणाऱ्या रोपांचे बी निवडून पुन्हा पेरत गेल्यास ते गुण वाणात स्थिरावतात. निसर्ग जे सावकाश करतो, तेच काम खानखोजे यांनी निवड आणि संकर यांच्या साहाय्याने हाती घेतले. मका व त्याचा रानटी आप्त तेओसिन्ते यांचा त्यांनी अभ्यास केला, तर गव्हाचे कणखर वाण घडवण्यासाठीही ते झटले. हे ज्ञान प्रयोगशाळेतच राहू नये, म्हणून गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त कृषी शाळा चालवल्या. त्यांच्या कार्याचा हाच भाग सर्वांत मोलाचा मानावा लागेल. विख्यात चित्रकार दिएगो रिव्हेरा याने शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवरील चित्रात पाव मोडून वाटणारा पुरुष रंगवला, तो खानखोजे यांच्याच रूपात.

स्वातंत्र्यानंतर मायदेशी परतण्याची वेळ आली, तेव्हा ब्रिटिशांच्या काळ्या यादीतील नाव पुन्हा आडवे आले! अखेर परवानगी मिळाली. १९५५ मध्ये ते नागपुरात स्थायिक झाले आणि तेथेच १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला तो २०२२ मध्ये.