वनौषधींचे पारखी ली शिझेन

आपल्याकडे चरक-सुश्रुतांचे नाव ज्या आदराने घेतात, त्याच आदराने चीन देशात ली शिझेन या वैद्यांचे नाव घेतले जाते. आपल्याकडे पैठणास एकनाथ महाराज होऊन गेले, साधारण त्याच काळात तिकडे हे थोर गृहस्थ होऊन गेले. ना हाती सत्ता, ना घरी द्रव्य. तरी या एका माणसाने आपल्या देशातील सगळ्या औषधांची पुन्हा एकदा पारख केली. आपल्या मंडळातल्या बहुतेक भगिनींच्या स्वयंपाकघरात काढ्याचे भांडे असतेच, म्हणून त्यांची हकीकत आपणा सर्वांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

चीनच्या हूबे प्रांतात यांगत्से नदीच्या काठी छिचौ नावाचे गाव आहे. तेथे १५१८ साली ली शिझेन यांचा जन्म झाला. आजोबा हातात घंटी घेऊन गावोगाव फिरणारे वैद्य होते असे सांगतात. वडील ली येनवेन हेही नाणावलेले वैद्य. परंतु त्या काळी वैद्याला समाजात फारसा मान नव्हता. मान होता तो सरकारी परीक्षा देऊन अधिकारी झालेल्यांना. तेव्हा आपल्या मुलाने तरी अधिकारी व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. मुलगा हुशार. चौदाव्या वर्षी पहिली परीक्षा सहज उतरला. पुढची प्रांताची परीक्षा मात्र तीन वेळा देऊनही साधली नाही.

त्याच सुमारास, विसाव्या वर्षी, एका दुखण्याने त्यांना अंथरुणास खिळवले. खोकला सुटेना, अंग तव्यासारखे तापलेले, वाटीवाटीने कफ पडे. महिना गेला, नाना औषधे झाली, ताप हटेना. लोकांनी आशा सोडली. वडिलांना तेव्हा एका जुन्या वैद्याचा उपाय आठवला. हुआंगछिन नावाच्या एका मुळीचाच काढा, दुसरे काही मिसळायचे नाही. मुळी सुमारे तीन तोळे, पाणी दोन पेले, आटवून एक पेला. दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि हळूहळू खोकलाही गेला. ही हकीकत पुढे त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात लिहून ठेवली. नेमके औषध नेमक्या दुखण्याला मिळाले तर काय होते, हे त्यांनी स्वतःच्या देहावर अनुभवले होते. परीक्षांचा नाद सोडून ते वडिलांच्या हाताखाली वैद्यकी शिकू लागले.

शिकताना त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. जुने ग्रंथ मोठे होते, पण त्यांत घोटाळेही मोठे होते. एकाच वनस्पतीला दोन नावे देऊन ती दोन औषधे म्हणून सांगितलेली, तर कोठे दोन निराळ्या वनस्पती एकाच नावाखाली कोंबलेल्या. हुआंगचिंग नावाचा एक कंद आहे. तो शक्तीसाठी देतात व तो निरुपद्रवी आहे. कौवेन नावाची दुसरी वनस्पती आहे, ती जहाल विष. जुन्या पुस्तकांत या दोहोंचे वर्णन इतके जवळ आणून ठेवले होते की पुस्तकावर विसंबणाऱ्याच्या हातून एकीच्या जागी दुसरी पडावी. वैद्याची विद्या चांगली, हेतू चांगला, पण मुळी चुकीची, तर रोगी प्राणास मुकणार. हे सर्व ग्रंथ पुन्हा तपासून एक नवा ग्रंथ करावा, असे त्यांनी मनाशी ठरवले.

हे काम त्यांनी १५५२ साली हाती घेतले आणि ते पुरे झाले १५७८ साली. म्हणजे सव्वीस-सत्तावीस वर्षे एकच ध्यास. आठशेच्या वर पुस्तके त्यांनी चाळली. परंतु पुस्तकात मिळेना ते माणसांना विचारावे, अशी त्यांची रीत होती. शेतकरी, कोळी, लाकूडतोडे, शिकारी, साप पकडणारे, कोणालाही विचारण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. एका जुन्या ग्रंथात लिहिले होते, की खवले मांजर खवले उघडून मेल्यासारखे पडते, मुंग्या आत शिरल्या की खवले मिटते, मग पाण्यात जाऊन तरंगणाऱ्या मुंग्या खाते. शिझेन यांनी खवले मांजराचे पोट फाडून पाहिले. त्यात जवळजवळ शेरभर मुंग्या निघाल्या. मुंग्या खाण्याची गोष्ट तेवढी खरी ठरली.

धोतऱ्याचे फूल तर त्यांनी स्वतः घेऊन पाहिले. धोतऱ्याला चिनी भाषेत मानथुओलो म्हणतात. हे नाव आपल्या संस्कृत मांदारव शब्दावरूनच तिकडे गेलेले आहे. गळू कापण्याआधी किंवा डाग देण्याआधी हे औषध दिले असता रोग्याला वेदना जाणवत नाहीत, असे त्यांनी नोंदवले. अर्थात धोतरा हे विष आहे. त्यांनी केले म्हणून आपण करू नये.

एवढे काम एकट्याचे नव्हे. मुलगे लिहून घेण्यास व चित्रे काढण्यास होते, फांग श्येन नावाचा शिष्य हाताशी होता. आणि घरात पत्नी होत्या. त्यांचे नाव आपल्याला कळत नाही, माहेरचे आडनाव वू एवढेच कळते. नवरा वर्षानुवर्षे पाने-मुळ्या गोळा करीत हिंडणार, घरी येणार तो ओझे घेऊन. मग रोगी, पाहुणे, मुले आणि वाळत घातलेल्या वनस्पती हे सर्व कोणी सांभाळले असेल हे आपणा बायकांना सांगायला नको. मुलांनी उभारलेल्या थडग्याच्या दगडावर मात्र आई-वडील दोघांचाही उल्लेख एकत्र आहे, एवढे तरी समाधान.

ते रोगी कसे तपासत, हे पाहण्यासारखे आहे. चिनी वैद्यकात तपासणीचे चार प्रकार आहेत. रोग्याकडे पाहणे, त्याचा आवाज व गंध घेणे, त्याला विचारणे आणि नाडी पाहणे. नाडीवर शिझेन यांनी १५६४ साली एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात सत्तावीस प्रकारच्या नाड्या सांगितल्या असून, विद्यार्थ्यांना पाठ करता यावे म्हणून त्या पद्यात बांधल्या आहेत. असे असूनही नुसती नाडी धरून रोग सांगणाऱ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. नाडी चारांतली शेवटची, चारही तपासण्या केल्यावाचून निदान होत नाही, असे त्यांचे मत होते.

त्यांच्या ग्रंथातील काही रोगी तर अगदी आपल्या घरातले वाटतात. एका राजघराण्यातील नातवाला दिव्याच्या वातीची काजळी खाण्याचा नाद लागला होता. वास आला की पोर रडून आकांत करी. शिझेन यांनी तपासून हे जंतांचे दुखणे ठरवले व जंतांच्या गोळ्या दिल्या. मूल बरे झाले. आपल्याकडे माती, खडू खाणारी मुले असतात. त्यांना मारण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवावे, हे चारशे वर्षांपूर्वीचे शहाणपण आहे. हू नावाच्या एका राणीने रागाच्या भरात कुट्टूच्या शेवया खाल्ल्या व तिच्या पोटात असह्य कळा सुरू झाल्या. दिलेले औषध उलटून पडे, तीन दिवस शौचास झाले नव्हते. शिझेन यांनी येनहूसुओ नावाच्या कंदाचे तोळाभर चूर्ण कोमट मद्यातून दिले. ते पोटात टिकले, शौचास झाले आणि कळा थांबल्या. या कंदात वेदना कमी करणारे द्रव्य असल्याचे आता रसायनशास्त्रानेही दाखवले आहे.

तिसरी गोष्ट साठीच्या पुढच्या एका म्हातारीची. पाच वर्षे तिला जुलाब लागत. तेलकट किंवा थंड खाल्ले की पोट दुखे. जुलाब थांबवणारी सर्व औषधे झाली होती. शिझेन यांनी तिला मेणात गुंडाळलेल्या जमालगोट्याच्या पन्नास गोळ्या दिल्या. जमालगोटा म्हणजे जुलाबाचेच औषध! परंतु पोटात जुने थंड अन्न साचून राहिले आहे, ते निघाल्याशिवाय जुलाब थांबणार नाहीत, असे त्यांचे निदान होते. दोन दिवसांत तिचे दुखणे गेले. लक्षण दाबायचे नाही, मूळ शोधायचे, हा त्यांच्या वैद्यकीचा गाभा. मात्र हे काम जाणत्याचे. जमालगोटा घरी कोणी हाताळू नये.

चिनी उपचार म्हटले की आपल्याला सुया टोचण्याचे अॅक्युपंक्चर आठवते. चिनी भाषेत त्या विद्येचे नाव सुई आणि शेक असे जोडनाव आहे. शेकासाठी आय नावाच्या झुडपाची वाळलेली पाने कुटून कापसासारखी करतात व ती पेटवून ठरावीक बिंदूंवर ऊब देतात. हे झुडूप आपल्या दवण्याच्या कुळातले. सर्वांत नावाजलेले आय छिचौचे, म्हणजे शिझेन यांच्याच गावचे. त्यांच्या वडिलांनी तर त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. सुया टोचण्याचे बिंदू शरीरातील ज्या वाटांवर मानले आहेत, त्यांपैकी मुख्य बारा व जादा आठ. बारा वाटा नद्यांसारख्या, आणि नद्यांना पूर आला की पाणी सामावून घेणाऱ्या तलावांसारख्या या आठ, अशी कल्पना आहे. या दुर्लक्षित आठ वाटांवर शिझेन यांनी सर्व जुनी माहिती एकत्र करून एक पुस्तक लिहिले, ते सुईवाल्या वैद्यांना आजही उपयोगी पडते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या पथकाबरोबर चीनला गेले, त्याच पथकातील डॉ. बिजयकुमार बसू यांनी पुढे १९५८ साली चीनमध्ये ही विद्या शिकून ती भारतात आणली.

शिझेन यांची कीर्ती ऐकून छू राजाने त्यांना आपल्या पदरी ठेवले व पुढे ते पेकिंगच्या राजवैद्यांच्या कचेरीतही गेले. तेथे ते फार काळ राहिले नाहीत. त्या वेळचा बादशहा अमर होण्यासाठी पारा-शिसे यांच्या मात्रा घेत असे व दरबारी लोक त्याची तारीफ करीत. पाऱ्याने आयुष्य वाढते या समजुतीवर शिझेन यांनी आपल्या ग्रंथात कडक टीका केली, आणि असल्या मात्रांनी किती जणांचे प्राण गेले याची गणती नाही असे स्पष्ट म्हटले. असे लिहायला धैर्य लागते.

ग्रंथाचे नाव बेन्साओ गांगमू. बावन्न भाग, १८९२ औषधी द्रव्ये, त्यांपैकी ३७४ त्यांनी प्रथमच घातलेली, अकरा हजारांवर नुसखे आणि अकराशेच्या वर चित्रे. ग्रंथ झाला, पण छापणार कोण? १५८० साली म्हातारे शिझेन बाड घेऊन वांग शिझेन या मोठ्या लेखकाकडे गेले. त्यांची प्रस्तावना मिळाली ती १५९० साली. नानकिंगच्या हू छंगलुंग यांनी छपाई हाती घेतली. १५९३ साली शिझेन वारले. छापलेला ग्रंथ त्यांना पाहायला मिळाला नाही. १५९६ साली मुलगा ली च्येनयुआन याने तो बादशहापुढे ठेवला. काही वर्षांतच तो जपानात पोहोचला, आणि २०११ साली युनेस्कोने जगाच्या स्मृतिठेव्यात त्याची नोंद केली.

त्यांच्या ग्रंथात चुका नाहीत असे नाही. त्या काळच्या भाबड्या समजुतीही त्यात आहेत. काही औषधांचे विष हळूहळू, वर्षानंतर चढते. ते त्यांना दिसणे शक्य नव्हते. म्हणून आजच्या काळातील दोन गोष्टी सांगते. पहिली आनंदाची. हिवतापावर छिंगहाव ही वनस्पती शिझेन यांनी एका फार जुन्या पुस्तकाच्या आधारे नोंदली होती. त्याच जुन्या पुस्तकात ती पाण्यात भिजवून पिळावी असे होते. तू योयो या चिनी बाईंनी त्यावरून कमी उष्णतेवर अर्क काढला, १९७२ साली तो आधी स्वतः घेऊन पाहिला, आणि लाखो लोकांचे प्राण वाचले. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरी गोष्ट दुःखाची. १९९० नंतर बेल्जियममध्ये वजन उतरवण्यासाठी बायकांना चिनी वनस्पतींची औषधे दिली गेली. फांगची नावाच्या मुळीऐवजी त्याच नावाची दुसरी, विषारी मुळी त्यांत गेली. शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. नावांचा हाच घोटाळा निस्तरण्यासाठी शिझेन यांनी आयुष्य वेचले होते.

तेव्हा भगिनींनो, झाडपाल्याचे औषध म्हणजे अपाय होणारच नाही, असे धरून चालू नये. मुळी कोणती, किती घ्यायची, कोणाला आणि किती दिवस, हे जाणत्याला विचारावे. ओळखीची नसेल ती पुडी घेऊ नये. डॉक्टरांचे औषध चालू असेल तर काढ्याचे नावही त्यांना सांगावे. सुया टोचून घ्यायच्या तर शिकलेल्याकडूनच, आणि सुई नवी, निर्जंतुक असल्याचे डोळ्यांनी पाहून. विचारण्यात कमीपणा नाही. एवढा मोठा वैद्य कोळ्याला आणि लाकूडतोड्याला विचारीत होता, मग आपण विचारायला का संकोचावे?